फौजदाराला मारलेली हाक

"साउंड एनजी," मी म्हणालो.

आंबेनळी घाटातल्या वळणावर सगळं युनिट थांबलं. कॅमेरामननं कपाळावर हात मारला. अण्णासाहेब खुर्चीवरून उठले. ते आमच्या पिक्चरचे निर्माते आणि दिग्दर्शकही.

"आता काय झालं, सामंत?"

"पोलादपूरकडून एसटी चढतेय. गिअर बदलल्याचा आवाज शुभांगीबाईंच्या वाक्यावर आलाय."

"येऊ दे की. गाइड ट्रॅक तर आहे. पुढचा शॉट लावा."

एनजी म्हणजे नो गुड, टेक फुकट गेला. मी साउंड रेकॉर्डिस्ट. आमच्या काळात उघड्यावर शूटिंग असलं की कॅमेरा शिलाई मशीनसारखा करकरायचा, जनरेटर घुमायचा, आणि बघ्यांची गर्दी बोलत राहायची. त्यामुळे लोकेशनवर घेतलेला आवाज पिक्चरमध्ये जात नसे. नट काय बोलला आणि कुठे थांबला हे नंतर कळावं, एवढाच त्याचा उपयोग. तो गाइड ट्रॅक. पुढे मुंबईला बंद थिएटरमध्ये पडद्याकडे बघत तीच वाक्यं परत बोलायची, ते डबिंग. लोक ऐकतात ते डबिंग.

म्हणजे लोकेशनवर माझ्या एनजीला कुणी विचारत नसे, आणि अण्णासाहेबांचं चुकत नव्हतं. तरी शुभांगीबाईंच्या वाक्यावर एसटी आली की माझ्या तोंडून एनजी निघून जायचं.

फौजदार घारगे ही अण्णासाहेबांची मालिका. पहिला पिक्चर गावोगावच्या तंबूंत असा चालला की त्यांनी पुढे दुसरं काही काढलंच नाही. सगळ्या भागांची चाल एकच. फौजदार घारगे ड्यूटीवर निघतो. बायको दारातून हाक मारते. तो थांबत नाही. मग पाठलाग, मारामाऱ्या, जीप दरीत, आणि शेवटी हाताला बँडेज बांधून घरी. हाकेला न थांबणं ही त्याची खूण झाली होती. बायकोनं हाक मारली की पुढच्या बाकांवरून पब्लिक ओरडायचं, "थांबू नको घारगे!"

हा सहावा आणि शेवटचा भाग. आमच्या हिरोचे गुडघे गेले होते. धावायचे शॉट डुप्लिकेट करत होता आणि हिरो फक्त थांबल्यावर धापा टाकत होता. शेवटच्या भागाची गोष्ट अण्णासाहेबांनी मला एकदा जीपमध्ये सांगितली. घारगेला नोकरीतून काढलेलं असतं. तो एकटाच गुंडांच्या मागे दरीत उतरतो. बायको एसटीतून येते, वळणावर उतरते आणि वरून हाक मारते. आणि घारगे थांबतो.

"पाच पिक्चर तो थांबला नाही," अण्णासाहेब म्हणाले. "सहाव्यात थांबला की संपलं. त्याच्यापुढे सांगायला काही उरत नाही."

घारगेची बायको सहाही भागांत शुभांगीबाईंनी केली. शुभांगी हे पडद्यावरचं नाव. घरचं नाव शेवंता. पोलादपूरजवळच्या एका बौद्धवाडीतल्या त्या. वडील मुंबईला मिलमध्ये. चाळीतल्या एका नाटकात अण्णासाहेबांनी त्यांना पाहिलं आणि पहिल्या पिक्चरला घेतलं. चेहरा असा होता की कॅमेरा जवळ नेला तरी काही खोटं दिसत नसे.

पण पहिल्या पिक्चरच्या डबिंगला त्या बोलल्या, "मी येत नाय." परत घेतलं, परत "नाय". दहा माणसं काचेमागे उभी होती. कुणीतरी हसलं. अण्णासाहेब म्हणाले, फौजदाराची बायको आहे, आवाज घरंदाज पाहिजे. दुसऱ्या दिवशी नलिनीताई आल्या. पुण्याकडच्या, रेडिओवर नाटकं केलेल्या. त्यांनी शुभांगीबाईंच्या तोंडात आपला आवाज घातला, आणि असा घातला की ओठाला ओठ जुळला. पब्लिकला तो आवाज फार आवडला. तेव्हापासून पाचही भाग तसेच झाले.

दुसऱ्या भागापर्यंत शुभांगीबाईंचं बोलणं माझ्याहून स्वच्छ झालं होतं. मुद्दाम शिकल्या होत्या. त्याचा उपयोग झाला नाही. मात्र लोकेशनवर त्या जे बोलायच्या ते माझ्या हेडफोनमध्ये यायचं. राग आला की आवाज वर न जाता खाली जायचा, जड व्हायचा. हे पडद्यावर कधी आलं नाही. त्यांचा स्वतःचा आवाज कान देऊन ऐकणारा युनिटमध्ये मी एकटाच होतो. त्या मला दादा म्हणायच्या, आणि ते बरंच होतं. नाहीतर मी काहीतरी बोलून बसलो असतो.

युनिट महाडला एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरलं होतं. रोज सकाळी गाड्या पोलादपूरमार्गे घाटात चढायच्या. एके दिवशी जनरेटर बिघडला. दुरुस्तीचा माणूस महाडहून यायचा होता. शुभांगीबाई म्हणाल्या, "दादा, इथून घर जवळ आहे. आईला भेटून येऊ. येता?"

पायवाटेनं खाली उतरलो. गवत कापून झालेलं होतं, ठिकठिकाणी भारे बांधून ठेवलेले. वाटेत दोन बायकांनी डोक्यावरचे भारे सावरत विचारलं, "कवा आलीस गो शेवंते?" शुभांगीबाईंचं बोलणं पावलागणिक बदलत गेलं. घाटात त्या "नाही" म्हणत होत्या. वाडीत पोचलो तेव्हा "नाय".

आई ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर, तोंड समोर, बोटं तांदळात. खडा बोटाला लागला की बाजूला टाकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनला ती भीत होती.

"कोन आलंय गो संगती?"

"आमचे साउंडवाले हायत, आये. पिक्चरचा आवाज घेतात ते."

म्हातारीनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "आवाज तुमी घेता?"

"हो."

"मंग माज्या पोरीचा आवाज कुठं ठेवलाव?"

मला वाटलं थट्टा आहे. पण ती थांबली होती, उत्तराची वाट बघत.

"पयला मला दिसायचा," ती म्हणाली. "तवा वाटायचा, असू दे, तोंड तरी तिचा हाय. आता दिसत नाय. पोरगा पिक्चरला नेतो, खुर्चीवर बसवतो. बाजूचे लोक सांगतात, आली बघा तुमची शेवंता. आनि बोलते दुसरीच बाय. मंग मी कशाला बसू तिथं?"

शुभांगीबाई आत जाऊन चुलीशी काहीतरी करू लागल्या. मी म्हातारीला डबिंग समजावून सांगितलं, जमेल तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती बाय पन कुनाची तरी पोर असंल. तिची आई आयकत असंल." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

कोरा चहा झाला. चवदार तळ्यावर दर मार्चला म्हातारी जायची, या वर्षी पोराच्या हाताला धरून गेली, गर्दीत सगळे आवाज ओळखीचे वाटले, असं काहीबाही सांगत राहिली. निघताना तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. घाईत नाही.

चढ अर्धा झाल्यावर शुभांगीबाई दम घ्यायला थांबल्या. मग म्हणाल्या, "शेवटचा पिक्चर आहे, दादा. याच्यापुढे मी कुठल्या थिएटरात दिसेन की नाही, माहीत नाही. एकदा तिला ऐकू जाऊ दे."

"अण्णासाहेबांशी बोला."

"तुम्ही बरोबर या. तुम्ही काही बोलू नका. नुसते उभे राहा."

त्या संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत अण्णासाहेब दुसऱ्या दिवसाच्या शॉटचे कागद बघत बसले होते. मी कठड्याला टेकून उभा राहिलो.

"अण्णासाहेब, या वेळी डबिंग मी करते."

"का?"

"शेवटचा आहे."

"म्हणूनच नको. पब्लिक पाच पिक्चर एकच आवाज ऐकतंय. सहाव्यात आवाज बदलला तर म्हणतील, घारगेनं बायको बदलली."

"बायको मीच आहे."

"डोळ्यांना आहेस. कानांना नलिनी आहे."

"माझं बोलणं आता शुद्ध आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतो? शुद्ध-अशुद्धाचा विषयच राहिला नाही. विषय सवयीचा आहे."

शुभांगीबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे तेव्हा शुद्ध नव्हतं म्हणून नाही, आणि आता शुद्ध आहे तरी नाही."

अण्णासाहेबांनी हातातले कागद मिटले. चहा मागवला, तीन कप सांगितले. माणूस वाईट नव्हता. धंद्याच्या हिशेबानं तो बरोबरही होता. मालिका चालते ती सवयीवर.

मग हाकेचा शॉट आला. शुभांगीबाई वळणावर दगडी कठड्यापाशी. समोर दरी, तिच्यापलीकडे डोंगराची एक सोंड, आणि सोंडेवरच्या पायवाटेनं जाणारा हिरो, बोटाएवढा. कॅमेऱ्याचे दोन शॉट ठरलेले. एक शुभांगीबाईंच्या चेहऱ्याचा क्लोजअप. दुसरा त्यांच्या पाठीमागून, सगळी दरी दिसेल असा. दोन्ही झाले. हिरो थांबला, वळला. ऊन सोंडेवरून उतरायला लागलं आणि अण्णासाहेबांनी पॅक-अप सांगितलं.

मी त्यांच्याकडे गेलो. "एक वाइल्ड ट्रॅक द्या."

कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज घ्यायचा, त्याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. पाखरं, पाणी, बाजार असले आवाज आम्ही तसे घेऊन ठेवतो.

"कशाचा?"

"हाकेचा."

"सामंत, मी तिला नाही म्हटलंय."

"डबिंगला नाही म्हटलंय. ही हाक आहे. दरीतली हाक भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत येत नाही, अण्णासाहेब. नंतर अडलो तर हाताशी असू दे. नाही अडलो तर टाकून देऊ."

त्यांनी गाड्यांकडे पाहिलं. सामान चढत होतं. "गाड्या भरेपर्यंत. त्याच्यापुढे एक मिनिट नाही."

मी जनरेटर बंद करवला. बंदोबस्ताच्या पोलिसांनी वरखालच्या गाड्या अडवल्या. रेकॉर्डिंगचं मशीन खांद्याला लावून, माइकची काठी धरणाऱ्या सहकाऱ्याला घेऊन मी दरीला वळसा घालून सोंडेवर गेलो, हिरो जिथे थांबला होता तिथे. घारगेला जशी ऐकू येईल तशी हाक मला हवी होती. पलीकडे कठड्यापाशी शुभांगीबाईंचं निळं लुगडं दिसत होतं. मी हात वर केला.

"अहोऽऽ"

दरी ओलांडून आवाज आला आणि मी हेडफोन कानावर दाबून धरले. आवाज चांगला होता. स्वच्छ, गोड. पण तो नलिनीताईंचा होता. इतकी वर्षं पडद्यावर स्वतःला बोलताना ऐकून त्यांनी तो आवाज उचलला होता. त्यांचं त्यांना कळलंही नसावं.

मी परत हात वर केला. पुन्हा तसंच. पलीकडे गाड्यांची दारं लागायला लागली होती.

मी हेडफोन काढले आणि छातीतून ओरडलो, "शेवंताबाई! आईला हाक मारता तशी!"

घरच्या नावानं मी त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्या काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, कठड्याच्या दगडावर चढल्या, तोंडाशी हाताचा आडोसा धरला.

"अवोऽऽऽ"

ती हाक खालून सुरू झाली आणि दरीच्या मधोमध वर चढली. शेवटी तुटली नाही, हळूहळू पातळ होत गेली. सोंडेवरच्या गवतातून ती माझ्या मागे निघून गेल्यासारखी वाटली. मशीनचा काटा व्यवस्थित हलला होता. आवाज फाटला नव्हता. माझा सहकारी काठी तशीच धरून उभा होता. "ओके म्हणा ना," तो म्हणाला. मी ओके म्हटलं, पण ते पलीकडे ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मुंबईला डबिंग सुरू झालं. तेव्हा लूपवर काम चालायचं. फिल्मचा एक तुकडा कापून त्याची टोकं जोडायची, म्हणजे तोच तुकडा पडद्यावर गरगर फिरत राहतो आणि बोलणारा त्याच्याशी ओठ जुळवतो. नलिनीताई एकेक लूप घेत गेल्या. केस पिकले होते, चष्मा आला होता, आवाज तसाच. शेवटी हाकेचा लूप लागला.

त्यांनी हाक मारली. चांगली मारली. पण खोलीतल्या माणसानं खोलीतल्याच माणसाला मारलेली वाटली. मी माइक लांब नेला. दार उघडं ठेवून घेतलं. जिन्यात उभं करून घेतलं, तर जिन्याची वाटली. नलिनीताई कंटाळल्या नाहीत, पण त्यांनाही ते ऐकू येत होतं.

"लोकेशनचं काही आहे का तुमच्याकडे?" त्यांनीच विचारलं.

मी वाइल्ड ट्रॅक लावला.

हाक संपली तरी त्या पडद्याकडेच बघत होत्या. "कुणाचा आहे?"

"शुभांगीबाईंचा."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "सामंत, पाच पिक्चर मी तिचा आवाज आहे. नावांच्या पाटीवर माझं नाव कधी आलं नाही. मी मागितलंही नाही. घरी सांगितलंय की रेडिओवर जाते. सिनेमाचं नाव काढलं तर सासूबाईंना चालायचं नाही. सगळ्या मालिकेत शेवटचा आवाज म्हणजे ही हाक. तेवढी तरी माझी असेल, असं मी धरून चालले होते."

मी मशीन थांबवलं. आणि घडलं होतं ते सांगितलं. वाडी, म्हातारी, तिचे डोळे. आवाज कुठे ठेवला, असं तिनं विचारलं होतं ते. आणि ती बाईही कुणाची तरी पोर असेल, तिची आई ऐकत असेल, असं म्हणाली होती तेही.

नलिनीताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "माझी आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिनं मला रेडिओवर ऐकलं होतं." आणि मग, "परत लावा."

मी परत लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला.

"याच्यात एक नाही," त्या म्हणाल्या. "हाकेआधीचा श्वास. तुम्ही लांबून घेतलात, म्हणून श्वास आला नाही. पण पडद्यावर आधी क्लोजअप आहे. चेहरा एवढा मोठा दिसतोय आणि छाती भरून येतेय, ते ऐकू नको का यायला? क्लोजअपमधलं वाक्य माझं आहे. त्याला जोडून श्वास मी देते. हाक तिची ठेवा."

त्यांनी श्वास दिला. एकाच टेकमध्ये. काचेमागे मी तो जोडून पाहिला, आणि सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं.

पुढचं काम मिक्सिंग. संवाद, संगीत, मारामारीचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. ते सगळे एकत्र करायचे, कोण मोठं, कोण बारीक ते ठरवायचं. शेवटच्या रिळाला अण्णासाहेब येऊन बसले. मी नलिनीताईंनाही बोलावलं होतं. हाक झाली आणि अण्णासाहेबांनी हात वर केला.

"थांबा. हा आवाज वेगळा आहे."

"लांबून आलाय म्हणून," मी म्हणालो.

"अवो म्हणतेय ती. अहो लिहिलंय."

"दरी ओलांडताना ह गळतो, अण्णासाहेब."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मागे वळून त्यांनी नलिनीताईंना विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"माझा श्वास आहे त्यात," त्या म्हणाल्या. "मला चालेल."

अण्णासाहेबांनी रीळ मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. या वेळी त्यांचे डोळे हिरोवर होते. हाक सोंडेपर्यंत पोचते, घारगेचं पाऊल उचलता उचलता राहतं, तो वळतो.

"खोलीतल्या हाकेला तो थांबला नसता," ते स्वतःशीच म्हणाले. "हिला थांबेल. ठेवा. आणि इथलं संगीत काढून टाका."

पिक्चर मुंबईत लागला, मग पुणे, आणि बऱ्याच उशिरानं महाडला. शुभांगीबाईंचा निरोप आला, आईला घेऊन दुपारच्या शोला जातेय, याल का. मी रात्रीची एसटी पकडून सकाळी महाडला उतरलो.

म्हातारी तेव्हा बिरवाडीला राहत होती. पोरगा तिथल्या कारखान्यात लागला होता, त्याच्या भाड्याच्या खोलीवर. त्यानं आईला आणून सोडलं आणि तो पाळीला गेला. शुभांगीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता, कुणी ओळखू नये म्हणून. आम्ही मागच्या रांगेत बसलो, म्हातारी मध्ये.

मी आधी ऑपरेटरच्या केबिनमध्ये जाऊन आलो होतो. पडद्यामागे दोन स्पीकर, त्यातला एक खरखरत होता. शेवटच्या रिळाला आवाज थोडा वाढवाल का, म्हणून विनवलं. तो म्हणाला, "वाढवतो, पन काय उपयोग नाय. बायकोनं हाक मारली की पब्लिक बोंब मारतंय. परवापासून त्या जागंचं कायसुद्धा आयकू येत नाय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाच पिक्चरची सवय लोकांनाही होती.

पिक्चर सुरू झाला. शिट्ट्या, टाळ्या, पंख्यांची घरघर. बायको पडद्यावर आली आणि बोलली. म्हातारीनं मान हलवली, नेहमीचंच आहे अशी. तासाभरानं ती पेंगायला लागली. शुभांगीबाईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. पहिल्या अर्ध्यात दारातून हाक मारायचा प्रसंग होता, नलिनीताईंच्या आवाजातला, आणि सगळं थिएटर ओरडलं, "थांबू नको घारगे!" कानाशी लागूनही काही ऐकू आलं नसतं.

शेवटचं रीळ लागलं. एसटी वळणावर थांबली, बायको उतरली, कठड्यापाशी आली. शुभांगीबाईंनी आईला हलवून जागं केलं. पुढच्या बाकांवर लोक आधीच सरसावून बसले होते. क्लोजअप आला. संगीत नव्हतं. खरखरत्या स्पीकरमधून तो श्वास आला, लांब, अडखळत भरलेला. आणि का कोण जाणे, पब्लिक क्षणभर थबकलं. ओरडायला उघडलेली तोंडं तशीच राहिली असावीत.

"अवोऽऽऽ"

म्हातारी खुर्चीतून उठून उभी राहिली.

"ओऽऽ गो शेवंते," तिनं उत्तर दिलं. "हितं हाय मी."

वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जावं असा आवाज होता तिचा. पुढच्या रांगा गर्रकन मागे वळल्या. कुणी हसलं, कुणी "कोन हाय" म्हणालं, मग सगळीकडे शांत झालं. पाच पिक्चर ज्या क्षणाची वाट बघितली, तो घारगे थांबल्याचा क्षण निम्म्या थिएटरनं पाहिलाच नाही. तो पडद्यावर वळला तेव्हा लोक एका आंधळ्या म्हातारीकडे बघत होते.

शुभांगीबाईंनी तिला धरून खाली बसवलं. म्हातारीनं अंधारात हात पुढे करून लेकीचं तोंड चाचपलं. ते ओलं होतं की काय, माहीत नाही. मी दुसरीकडे बघत होतो.

"एकदाच बोललीस," म्हातारी म्हणाली.

"एकदाच, आये."

"असू दे. आयकला मी."

पिक्चर बरा चालला, फार नाही. अण्णासाहेबांनी पुढे काही काढलं नाही. नलिनीताई एक-दोनदा रस्त्यात भेटल्या, नातवाला शाळेत सोडताना. हिरोनं पेट्रोल पंप घेतला. शुभांगीबाईंना मालिकेबाहेर कुणी विचारलं नाही. काही दिवस आईच्या, वहिनीच्या कामांत दिसल्या, तिथेही आवाज दुसऱ्याच कुणाचा. मग महाडला निघून गेल्या.

काही वर्षांनी त्या स्टुडिओत आल्या. मी मशीन साफ करत होतो. म्हातारी गेली होती. त्या बाजूच्या बाकावर बसल्या, चहा घेतला, घाटात आता रस्ता रुंद करतायत असं सांगितलं. मग म्हणाल्या, "दादा, ती टेप आहे का? हाकेची? घरी ठेवायची होती."

नव्हती. टेप महाग असायच्या. काम झालं की ऑफिसला परत जायच्या, पुसल्या जायच्या आणि पुढच्या पिक्चरला वापरल्या जायच्या. त्या टेपेवर नंतर काय चढलं कोण जाणे. एखादं गाणं असेल, एखाद्या कारखान्याची जाहिरात असेल. पिक्चरची प्रिंट शोधायचा मी प्रयत्न केला. अण्णासाहेबांच्या मुलानं सगळं गोदाम रिकामं केलं होतं. जुन्या प्रिंट भंगारात गेल्या होत्या.

"आपण परत घेऊ," मी म्हणालो. "मशीन आहे, रविवार मोकळा आहे. पोलादपूरला जाऊ. मी सोंडेवर उभा राहतो, तुम्ही कठड्यापाशी. काही अवघड नाही."

मी हे फार घाईनं बोललो असेन. त्या हसल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून अशा हसल्याचं मला आठवत नाही.

"जाऊ की," त्या म्हणाल्या. "पण हाक कुणाला मारू?"

कप खाली ठेवून त्या निघाल्या. फाटकापर्यंत सोडायला मी गेलो. रिक्षा मिळेपर्यंत पावसाचं, भाताचं काहीतरी बोललो. नंतर भेट झाली नाही.

आता मी रिटायर्ड आहे. नवी मुलं कधी शिकायला येतात. मशीनबद्दल त्यांना माझ्याहून जास्त कळतं. त्यांना मी एवढंच सांगतो की चांगला टेक मिळाला की त्याच दिवशी त्याची एक कॉपी काढायची, आणि ज्याचा आवाज आहे त्याच्या हातात द्यायची. ऑफिसला नंतर विचारलं तरी चालतं.